पन्नास टक्क्यांचे धनी

जून-जुलैत आमच्याकडे मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झावळांनी शाकारलेल्या असतात, समुद्र गढूळ तांबडा, आणि बाजारात सुके बांगडे नाहीतर बर्फातले परमुलखातले मासे. हे दोन महिने माणसं आपापल्या परीने ढकलतात. कोणी जाळी दुरुस्त करतं, कोणी भजनाला बसतं, कोणी भावकीच्या दाव्याचे कागद माळ्यावरून खाली काढतं. आमचे भाईकाका गाडीच्या विम्याची तुलना करतात.

त्यांची पॉलिसी 28 जुलैच्या मध्यरात्री संपते. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर ते कपाटातून एक लांबलचक वही काढतात. उभ्या रेघा आखलेली, कडा वाळवीने चाखलेली, एस.टी.च्या काळातली. भाईकाका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म स्टँडावर खिडकीत बसून गाड्या लावण्यात आणि भांडणं सोडवण्यात गेला. ते स्वतः सांगतात ती गंमत अशी, की मोटार वाहन कायद्याच्या 146 व्या कलमात विम्याची सक्ती आहे आणि त्याच कलमात राज्य परिवहनाला सूट देण्याची तरतूदही आहे. महामंडळाने आपला निधी बाजूला ठेवायचा आणि भरपाई त्यातून द्यायची. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पॉलिसीचा कागदही पाहिला नाही, त्याला निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून घेतलेल्या एका लहान गाडीने हा नाद लावला.

गाडी 2017 ची. चंदेरी, 1197 सीसी, एमएच-07. या गाडीने आजवर जेवढे किलोमीटर कापले त्याहून जास्त भाईकाकांची पेन्सिल त्या वहीत चालली आहे. महिन्यातून एकदा कुडाळ, पाहुणे आले तर तारकर्ली, गणपतीत सामान आणायला मालवणचा बाजार. एरवी ती खळ्याच्या कडेला जुन्या चादरी पांघरून आजारी माणसासारखी पडलेली असते. रोज मासे आणायला भाईकाका रिक्षाने जातात. "बाजारात खंय लावतलंस? कोणतरी घासटून जातलो," असं त्यांचं म्हणणं. घासटण्याविरुद्ध विमा आहे, हे त्यांना कोणी सांगायची गरज नाही. पण विमा वापरायचा नसतो. तो असायचा असतो.

तर वही. डाव्या अंगाला कंपन्यांची नावं, वर रकाने. पहिल्या रकान्यात थर्ड पार्टीचा हप्ता. आता हा आकडा सरकार ठरवतं आणि सगळ्या कंपन्यांना तो एकच असतो. हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला 3,416 रुपये. 2022 च्या जूनपासून तोच. तरीही भाईकाका अकरा कंपन्यांपुढे अकरा वेळा 3,416 लिहितात. मी एकदा म्हटलं, "काका, नुसतं वरीलप्रमाणे लिहा की." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी जणू एस.टी.च्या वेबिलात 'वरीलप्रमाणे' लिहायला सांगितलं होतं.

"पूर्वी सगळोच हप्तो सारखो होतो," ते सांगतात. "चार सरकारी कंपन्यो, दर एकच. तुलना करूची तरी कशी?" 1973 च्या जानेवारीत सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढे खासगी कंपन्या आल्या तरी दर बांधलेलेच होते. 2007 च्या 1 जानेवारीला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. कोणाच्या आयुष्यात 1983 चा विश्वचषक असतो, कोणाच्या आयुष्यात कोकण रेल्वे. भाईकाकांच्या आयुष्यात हे 2007 आहे. तेव्हा त्यांच्याकडे गाडी नव्हती, ही गोष्ट वेगळी.

पावसाळ्यात त्यांच्याकडे फोन सुरू होतात. त्याला कारण त्यांचा पुतण्या. त्याने एकदा मोबाइलवर सगळ्या कंपन्यांचे हप्ते एका खाली एक दाखवणारी जागा दाखवली आणि तिथे काकांचा नंबर घातला. बाकीचे लोक असे फोन शिव्या देऊन कापतात. भाईकाका फोन स्पीकरवर टाकून खुर्ची ओढून बसतात. समोरच्या मुलीचं नाव, गाव, पाऊस कसा काय, हे झालं की मुद्द्यावर येतात. मुद्दा एकच.

"मॅडम, नारियल गिरेगा तो?"

"सर, कौन गिरेगा?"

"नारियल. झाड पे से."

"सर, आप झाड से गिरेंगे तो पंधरा लाख का पर्सनल ॲक्सिडेंट…"

"मैं नहीं गिरेगा! मैं चढताच नाय. नारियल गिरेगा. गाडी पे."

मग होल्डवरचं संगीत. ते वाजत असताना भाईकाका मला डोळा घालतात. उत्तर त्यांना ठाऊक असतं. बाहेरून अपघाताने येऊन आदळलेली वस्तू पॉलिसीत बसते, माड असो नाहीतर नारळ. पण ते त्या मुलीच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि वहीत 'नारळ : होय' असं लिहून पुढे तारीख टाकायची, यात त्यांना जे सुख आहे ते मला सुरमईच्या तुकडीतही मिळालेलं नाही. त्या मुली पण बिचाऱ्या चांगल्या असतात. एकीने गेल्या वर्षी आपणहून फोन करून विचारलं, "अंकल, नारियल का सीझन कैसा है?"

पंधरा लाखांवरून आठवलं. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघाती विमा सक्तीचा झाला, तेव्हा काकूंनी पहिल्यांदा या विषयात लक्ष घातलं.

"म्हणजे तुमी गेल्यार माका पंधरा लाख?"

"असोच गेलंय तर नाय. गाडीच्या अपघातात जावक होया."

काकूंनी चादरी पांघरलेल्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मगे जरा चलवा तरी!"

भाईकाका माणसांची प्रतवारीही विम्यावरून लावतात. कोणी 'थर्ड पार्टीवालो', कोणी 'झिरो डेपवालो'. थर्ड पार्टीवाला म्हणजे कायद्यापुरता सज्जन. दुसऱ्याला लागलं तर भरून देईल, स्वतःचं काय ते देवावर सोडलेला. झिरो डेपवाला म्हणजे खानदानी. कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या सुट्या भागाची निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात, फायबरचे तीस टक्के, पत्र्याचे गाडीच्या वयाप्रमाणे. आणि आताच्या गाडीचा पुढचा बंपर म्हणजे सगळं प्लास्टिकच. भाचीला स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, पत्रिका जुळलेली. भाईकाका भेटून आले. "झील बरो आसा," म्हणाले, "पण…" सगळे घाबरले. दारू? कर्ज? "थर्ड पार्टीवर गाडी फिरयता." लग्न झालं. आहेरात काकांनी पाकीट दिलं आणि पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं : 'यातून आधी पॉलिसी.'

त्यांच्या स्वतःच्या गाडीचा झिरो डेप मात्र वयापरत्वे गेला. जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या तो देत नाहीत. ते वर्ष त्यांनी सुतकात असल्यासारखं काढलं.

मी गाडी चालवतो, ते चालवत नाहीत, तरी या विषयात मी अडाणी, हे आमच्यात ठरलेलं आहे. माझं घर त्यांच्या मागे, मध्ये फक्त गडग्याची भिंत. गेल्या वर्षी मी मोबाइलवरच माझी पॉलिसी नवी केली आणि गडग्यावरून मिरवत सांगितलं, "दोन मिनिटांत झाली, आणि गेल्या वर्षीपेक्षा 900 रुपये कमी!"

"दोन मिनटांत? मेल्या, अंडां उकडूक सात लागतत."

त्यांनी चष्मा चढवला, माझ्या मोबाइलवरचा कागद बोटांनी मोठा केला आणि हप्त्याच्या ओळीकडे ढुंकूनही न बघता भलत्याच ओळीवर नख ठेवलं. "गेल्या वर्सा गाडी पाच लाखांची. हय साडेतीन. ह्या कोणी केल्यान?"

ते मीच केलं होतं, 'सर्वात स्वस्त' वर बोट दाबून. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर जास्तीत जास्त हाती लागणारी रक्कम. ती घसाऱ्याप्रमाणे दर वर्षी उतरतेच, पण ती आणखी खाली ओढली की हप्ता आपोआप कमी दिसतो. गाडी पाच वर्षांची झाल्यावर तर ही किंमत कंपनी आणि मालक यांच्या समजुतीने ठरते. भाईकाकांच्या मते ती समजूत मासळी बाजारातली असते. "माशेवाली पापलेट स्वस्त देता तेव्हा आधी पापलेट बघूचो. कालचो आसतलो, नायतर ल्हान." हे सांगणारे भाईकाका स्वतः मासे घेताना दर वेळी फसतात. काकू ती पिशवी उघडून काही बोलत नाहीत, नुसता सुस्कारा सोडतात. वही फक्त विम्याला आहे.

पॉलिसीची कलमं त्यांना तोंडपाठ आहेत आणि त्यातलं एक विशेष लाडकं आहे. आग, वीज, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ अशी संकटांची माळ असते, त्यात 'फ्रॉस्ट' हाही शब्द आहे. हिमतुषार. मालवणात! शिवाय गाडी रेल्वेने, जलमार्गाने, लिफ्टने किंवा विमानाने नेताना झालेलं नुकसान. "माझी गाडी लिफ्टीत जातली कित्याक?" असं म्हणून ते दर वर्षी हसतात आणि तरी ते कलम शाबूत आहे ना हे दर वर्षी तपासतात. 2025 च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाडहून मोटारी वाघिणींवर चढवून आणायची सोय केली, तेव्हा सगळा जिल्हा भाडं परवडतं का याची चर्चा करत होता. भाईकाका एकटेच वही घेऊन माझ्याकडे आले. "बघलंस? रेल्वेचा कलम! माका ठावक होता, कधीतरी कामाक येतला." त्यांचे कोणी पाहुणे रेल्वेवरून गाडी घेऊन आले नाहीत. त्याने काही बिघडलं नाही.

त्यांच्या आयुष्यात दोन दुःखं आहेत आणि दोन्ही 2021 ची.

16 मे 2021. तौक्ते वादळ. रविवार होता. आदल्या रात्रीपासून भाईकाकांनी गाडी माडांपासून दूर, रस्त्याकडेच्या उघड्या जागेत नेऊन ठेवली आणि पॉलिसी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बनियनच्या आत. वारं असं, की कौलं पानांसारखी उडत होती. दुपारनंतर पलीकडच्या वाडीत एक माड मुळासकट आडवा आला तो थेट एका नव्या गाडीवर. गाडीचा मालक डोकं धरून बसलेला. तिथे सगळ्यांच्या आधी पोचले भाईकाका. माड कोणाला हलवू दिला नाही. चार बाजूंनी फोटो, नंबरप्लेट दिसेल असा एक, माडाचं खोड दिसेल असा एक. वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, तर त्या माणसाला स्कूटरवर मागे बसवून कुंभारमाठच्या चढावर नेलं आणि तिथून कंपनीला खबर द्यायला लावली. पन्नास हजारांवरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर यावा लागतो, तो आला तेव्हा त्याच्या मागे-पुढे छत्री धरून हेच. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. ती तशी ठरली आणि पैसे आले. मालकाने पेढे दिले. भाईकाका पेढा खात मला हळूच म्हणाले, "आमी इतकी वर्सा भरतंव, आमच्यार एक चुडात पडाक नाय." आवाजात मत्सर होता असं मी म्हणणार नाही. पण पेढा त्यांनी अर्धाच खाल्ला.

दुसरं दुःख दोन महिन्यांनी, 22 जुलैला. चिपळूणचा पूर. पुतण्या तिथे नोकरीला, त्याची गाडी तळमजल्यात आणि पाणी स्टिअरिंगच्या वर. भाईकाका इथून रात्रभर फोन लावत होते, एकच वाक्य सांगण्यासाठी : "चावी फिरव नुको." फोन लागला नाही. पाणी ओसरल्यावर पुतण्याने चिखल पुसला, देवाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली. इंजिनात पाणी, पाणी काही दाबलं जात नाही, आतला दांडा वाकला. कंपनी म्हणाली, पुराने भिजलेलं भरून देऊ. इंजिन तुम्ही चालू केलंत म्हणून गेलं, ते पुराचं नव्हे, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण तुम्ही घेतलेलं नाही. त्या कंपनीचं नाव भाईकाका घेत नाहीत. 'ती' म्हणतात, आणि वहीतही तिच्यापुढे नुसती रेघ असते. तेव्हापासून 'चावी फिरव नुको' हे त्यांनी सगळ्याच बाबतीत लावलं. नातवाने नोकरी सोडायचं काढलं, चावी फिरव नुको. काकूंनी नणंदेला फोन करून जाब विचारायचं म्हटलं, चावी फिरव नुको.

आणि मग गेल्या वर्षी, ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते घडलं. 17 जुलैला, पॉलिसी संपायला अकरा दिवस असताना, भर दुपारी एक पिकला नारळ बॉनेटवर पडला. आवाज माझ्या घरात आला. मी धावत गेलो तर भाईकाका पावसात उभे, हातात छत्री मिटलेली, चेहऱ्यावर असं तेज की बाशिंग बांधलेल्या नवऱ्यानेही लाजावं. बॉनेटला तसराळ्याएवढा खड्डा. काचेला ओरखडाही नाही.

"फोन करा," मी म्हटलं.

"थांब. चावी फिरव नुको."

वही आली. कुडाळच्या गॅरेजवाल्याने फोटो बघून 4,500 सांगितले होते. त्यातले सक्तीचे हजार आपल्या खिशातले. म्हणजे कंपनीकडून साडेतीन हजार. आणि गमवायचं काय? नो क्लेम बोनस. एकही दावा न करता पहिल्या वर्षाला वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. त्या पन्नासावर ते कधीचे पोचलेले. जुन्या स्वातंत्र्यसैनिकाने ताम्रपट सांभाळावा तसे ते हे पन्नास टक्के सांभाळतात. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते, गाडी विकली तरी आपल्याबरोबर येते, हे ते पाहुण्यांना चहाआधी सांगतात. एक दावा केला की ती शून्यावर. मग पुन्हा शिडी. पहिल्या वर्षी पन्नास टक्क्यांचं नुकसान, दुसऱ्या वर्षी तीस, मग पंचवीस, पंधरा, पाच. बेरीज सव्वाशे टक्के. मूळ हप्ता पाच हजार धरला तर सहा हजार दोनशे पन्नास.

पेन्सिल खाली ठेवून भाईकाका बराच वेळ पावसाकडे बघत बसले.

"म्हणजे दावो केलंय तर पावणेतीन हजारांचो तोटो," ते म्हणाले.

"बोनस शाबूत ठेवायचं जादा संरक्षण मिळतं ना? ते घेतलं नव्हतंत?"

"तुलना केल्लंय," ते क्षीण आवाजात म्हणाले. "महाग वाटला."

दावा झाला नाही. दुरुस्तीही नाही. खड्डा तसाच आहे, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि सकाळी कावळे पितात. पाहुणे विचारतात तेव्हा भाईकाका खड्ड्यावर हात फिरवून म्हणतात, "सवा सहा हजारांचो आसा."

नारळ मात्र त्यांनी काकूंना दिला नाही. काकूंना वाटप करायला हवा होता. "पुरावो आसा तो," म्हणून त्यांनी तो पडवीच्या कोपऱ्यात ठेवला. चिठ्ठी लावून, तारखेसकट.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूच्या माळा, खड्ड्यातही एक फूल. भाईकाकांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळं नाव घेऊन सांगायचं, मोघम काही ठेवायचं नाही, तेव्हा ते त्यांना जन्मतः येतं. आग, आपसूक लागलेली आग, वीज, चोरी, दंगल, संप, भूकंप, पूर, गारा, हिमतुषार, सगळी ओळ पॉलिसीच्याच क्रमाने, आणि प्रत्येक संकटानंतर आम्ही "व्हय म्हाराजा!" म्हणतोय. शेवटी काकू पदर सावरून म्हणाल्या, "नारळ ऱ्हवलो!" मग नारळाचंही झालं. चाकापुढे वाढवायला तोच नारळ आणायला पडवीत गेले, आणि तिथूनच हाक आली.

नारळाला कोंब फुटला होता. हिरवा, बोटभर. कोंब आलेला नारळ फोडायचा कसा? दुसरा आणला.

दुसऱ्या दिवशी भाईकाका फीत घेऊन आवारात फिरताना दिसले. गाडीच्या जागेपासून बारा हात, विहिरीपासून, घराच्या कौलांपासून अंतर मोजत. फिरत फिरत गडग्यापर्यंत आले आणि कोपऱ्यातली जागा पायाने दाबून बघितली.

"हय बरो येतलो," म्हणाले.

"काका, पलीकडे माझी गाडी उभी असते."

"ठावक आसा. तुझ्या गाडयेक किती वर्सा झाली?"

"चार."

ते बोटांवर मोजू लागले. "पयलो नारळ सात वर्सांनी पडतलो. म्हणजे अकरा. तवसर तू झिरो डेपातसून भायर." त्यांनी मान हलवली. "नको. तुझो आयडीव्ही पण रवाचो नाय."

तो कोंब आता पडवीत, जुन्या बादलीत आहे. गुडघ्याएवढा झालाय. वहीत नवं पान उघडलंय, आवारातल्या नऊ जागा एका खाली एक लिहिल्यात, पुढे रकाने आहेत आणि सगळे अजून भरायचे आहेत.